मुलाच्या रेसिंगसाठी घरावर कर्ज काढू का?

प्रश्न : मुलगा 12 वर्षांचा आहे, कार्टिंगच्या (छोट्या, उघड्या रेसिंग गाड्यांच्या) शर्यती जिंकतो. फॉर्म्युला वनच्या लुईस हॅमिल्टनसारखं विश्वविजेता व्हायचं म्हणून नेहमीची शाळा सोडायचं म्हणतो. पुढच्या मोसमासाठी घर गहाण ठेवावं का? – एक पालक

उत्तर : घर गहाण ठेवू नका. कार्टिंग मात्र थांबवू नका.

हॅमिल्टन 8 व्या वर्षी कार्टिंगला लागला. वडिलांनी एकाच वेळी अनेक नोकऱ्या करून खर्च भागवला, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण 1998 मध्ये, तो 13 वर्षांचा असताना, मॅक्लारेन या फॉर्म्युला वन संघाने आणि मर्सिडीजने त्याला आपल्या पंखाखाली घेतलं, हे सांगायचं राहून जातं. खरा महागडा प्रवास त्यानंतरचा होता. 2007 मध्ये तो फॉर्म्युला वनमध्ये आला, 2008 मध्ये विजेता झाला.

कुणी तरी ऑस्ट्रियन चालक निकी लाउडाचा दाखला देईलच. त्याने बँकेचं कर्ज काढून संघात जागा मिळवली आणि पुढे तीनदा विश्वविजेता झाला. खरं आहे, पण ते कर्ज त्याने विशी ओलांडल्यावर स्वतःच्या जबाबदारीवर काढलं होतं. 12 वर्षांच्या मुलावर घराच्या हप्त्यांचं ओझं टाकलंत, तर प्रत्येक हरलेली शर्यत त्याला गुन्हा वाटेल.

पुढचं गणितही बघा. कार्टिंगनंतरची पायरी, फॉर्म्युला फोर, 15 व्या वर्षापासून. फॉर्म्युला वनच्या सुपर लायसन्ससाठी (तिथे गाडी चालवायच्या परवान्यासाठी) वय 18 आणि खालच्या मालिकांतल्या कामगिरीचे तीन मोसमांत 40 गुण लागतात. फॉर्म्युला वनच्या लगेच खालची फॉर्म्युला टू मालिका जिंकली की ते एका झटक्यात मिळतात. तरी 2022 चा फॉर्म्युला टू विजेता फेलिपे ड्रुगोविच पुढच्या वर्षी राखीव चालकच होता. 2026 मध्ये 11 संघ आहेत, म्हणजे साऱ्या जगाला मिळून 22 जागा. पगारी चालक जीटी (रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवर बेतलेल्या गाड्यांच्या) आणि एन्ड्युरन्स (कित्येक तास चालणाऱ्या) शर्यतींतही असतात. त्यांची नावं मुलाला माहीत आहेत का, विचारून बघा. (बहुधा नसतील. या वयात फक्त फॉर्म्युला वनच दिसतं.)

फॉर्म्युला फोरला अजून तीन वर्षं आहेत. तेवढ्यात करंडक मोजण्यापेक्षा वेगळं काही तपासा. सराव संपला की लॅप टाइम (एका फेरीचा वेळ) दाखवण्याआधी त्याला विचारा : कोणत्या वळणावर वेळ गेला? पुढची चाकं घसरली की मागची? वळणात शिरताना की बाहेर पडताना? मग त्याचं उत्तर गाडीत नोंदलेल्या डेटाशी ताडून बघा. झिजलेल्या टायरवर आणि पावसातही तो सावरतो का, हे प्रशिक्षकांना विचारा. नुसती वेगवान मुलं पुष्कळ असतात. गाडीचं काय बिनसलंय हे इंजिनीअरला नेमकं सांगणारी थोडी.

शाळा सुटू नये ती यासाठीच. भौतिकशास्त्र आणि गणित पक्कं असेल तर ही उत्तरं सुधारतात, आणि स्टिअरिंग सुटलं तरी रेस इंजिनीअर किंवा डेटा विश्लेषक म्हणून याच पिटमध्ये (शर्यतीत गाड्यांची देखभाल होते तिथे) उभं राहता येतं.

यंदाचा मोसम बचतीतून झेपेल तेवढाच करा, शर्यती कमी झाल्या तरी चालतील. 15 व्या वर्षापर्यंत एखादा संघ किंवा प्रायोजक पुढे आला नाही, तर फॉर्म्युला फोरचा खर्च घरातून करायचा नाही, हे त्याला आजच सांगा.