फौजेतला कॉन्व्हॉय सुटला, आता स्वतःचा ट्रक घेऊ का?

प्रश्न : नमस्कार काका. मी फलटण तालुक्यातला, फौजेच्या एएससीत, म्हणजे रसद-वाहतूक पुरवणाऱ्या विभागात, ड्रायव्हर होतो, नायक म्हणून रिटायर झालो. मधे यूएन मिशनवर साऊथ सुदानला होतो, तिथं रेशनपाण्याचे कॉन्व्हॉय केलेत, पावसाळ्यात गाडी अ‍ॅक्सलपर्यंत चिखलात जायची तरी काढायचो. तिकडचा भत्ता आणि रिटायरमेंटचे मिळून 12 लाख बाजूला आहेत. नवीन दहाचाकी घेऊन स्वतःच चालवायचा विचार आहे, शोरूमवाला म्हणतो लोन लगेच होईल. सासरे म्हणतात सिक्युरिटीत लाग, गप पगार घे. लायसन्स आर्मीचं आहे ते चालेल का? आणि घेऊ का नको गाडी?
– एक माजी सैनिक

उत्तर : आधी तुमचं अभिनंदन, आणि सासऱ्यांवर चिडू नका, त्यांना मुलीच्या घराचा हप्ता दिसतोय.

घ्या गाडी, पण आत्ता नको. कारण सांगतो. गाडी चालवायचं तुम्हाला कुणी शिकवायला नको, साऊथ सुदानच्या त्या काळ्या मातीत जो गाडी काढतो तो खंबाटकी घाटाला काय घाबरणार. पण कॉन्व्हॉयमधे तुमच्या मागं सगळी फौज होती की. डिझेल भरलेलं यायचं, टायर फाटला तर स्टोअर, इंजिन बसलं तर ईएमईवाले, म्हणजे फौजेचे मेकॅनिक, परत येताना गाडी रिकामी आली म्हणून कुणी तुमचा पगार कापला नाही. इथं नेमकं त्या रिकाम्या येण्यातच माणूस बुडतो. धंदा स्टिअरिंगवर कमी आणि फोनवर जास्त आहे, भाडं कोण देतो, परतीचा माल कुठं मिळतो, बॅलन्स कधी सोडतो, हे कळेपर्यंत सहा-आठ महिने तरी दुसऱ्याच्या गाडीवर काढा.

आकडे मांडतो, तुम्हीच बघा. 30 लाखाचं लोन, 10 टक्के व्याज, पाच वर्षं, म्हणजे महिन्याला साधारण 64 हजार हप्ता. चाकण ते बंगळुरू 840 किलोमीटरच्या आसपास धरा, भरलेली दहाचाकी लिटरला 4 देते असं धरा, 90 रुपये डिझेल, एका बाजूला 210 लिटर, जवळजवळ 19 हजार. टोल वेगळा, तुमचा जेवणखर्च वेगळा. महिन्यात लोडिंगचं थांबणं, अनलोडिंगचं थांबणं, रविवार, एखादा सण धरून चार फेऱ्या झाल्या तर प्रत्येक फेरीच्या डोक्यावर नुसत्या हप्त्याचेच 16 हजार बसतात. आता त्यातली एक फेरी परतीला रिकामी आली तर रिकामी गाडी लिटरला 5 चं अ‍ॅव्हरेज देईल पण 15 हजाराचं डिझेल जळालं आणि आलं शून्य. भाडं किती ते मी लिहीत नाही कारण ते सीझनवर हलतं, निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत जाऊन चार ऑफिसात विचारा आणि या खर्चाशेजारी ठेवून बघा.

बरं भाडं ठरलं म्हणजे हातात आलं असं नाही. दलालाकडून लोड घेतलं तर बराचसा अ‍ॅडव्हान्स मिळतो, बाकीचा बॅलन्स पोच आणून दिल्यावर. पोच म्हणजे बिल्टीच्या, मालाच्या वाहतूक पावतीच्या, कॉपीवर माल घेणाऱ्याचा सही-शिक्का, आणि सगळी गोम तिथं असते. पावसात ताडपत्रीच्या कडेनं पाणी शिरलं, खालच्या थरातल्या पोत्यांना डाग दिसला, की गोडाऊनवाला शिक्क्याशेजारी बारीक अक्षरात "5 नग भिजलेले" लिहून टाकतो, तुम्ही दोन दिवसाचे झोपाळलेले, न वाचता कागद खिशात घालता, आणि इकडं बॅलन्समधून पैसे कापलेले कळतात. म्हणून शिक्का पडला की तिथंच उभं राहून वाचायचं, फोटो काढायचा, मग गाडी हलवायची. वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची हमाली, कोण देणार आणि गाडी दोन दिवस उभी राहिली तर हॉल्टिंग किती, हे लोड घ्यायच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या, तोंडी बोललेलं गेटवर कुणाला आठवत नाही. कंपनीचं डायरेक्ट काम मिळालं तर भाव बरा असतो पण बिल दोन-दोन तीन-तीन महिने अडकतं, तेवढा काळ डिझेल तुमच्या खिशातून. म्हणून सांगतो ते 12 लाख सगळे डाऊन पेमेंटला घालू नका, निदान तीन-चार लाख हात न लावता बँकेत राहू देत, टायर आणि इंजिन फौजेतल्यासारखं इंडेंट, म्हणजे मागणीचा कागद, भरून मिळत नाही.

ओव्हरलोडचा मोह. ट्रान्सपोर्ट ऑफिसातला मुन्शी म्हणणारच, दोन टन जास्त घाल रे, सगळेच घालतात. 2018 ला अ‍ॅक्सलचं वजन सरकारनं आधीच वाढवून दिलंय, पूर्वी दहाचाकीचं गाडीसकट 25 टन होतं ते 28 च्या पुढं गेलं. त्याच्याही वर गेलात तर दंड 20 हजार, अधिक जादाच्या प्रत्येक टनाला 2 हजार, आणि जादा माल उतरवायचा खर्चही तुमचाच. तीन टन जास्त भरलात तर 26 हजार गेले, त्यात मिळालेलं जादा भाडं किती होतं? तुम्ही फौजेतले, नाही म्हणायला तुम्हाला जड जाऊ नये.

लायसन्सचं, आर्मीचं लायसन्स घेऊन भाड्याची गाडी चालवता येत नाही. आरटीओत जाऊन सिव्हिल लायसन्सवर हेवी ट्रान्सपोर्टची नोंद करून घ्या, फौजेतला ड्रायव्हिंगचा दाखला आणि डिस्चार्ज बुक सोबत न्या. हे लायसन्स 5 वर्षांचं असतं. आणि टँकरवर जायचं मनात असेल तर धोकादायक मालाचं तीन दिवसांचं ट्रेनिंग करून तशी नोंद करून घ्या, त्या लायनीला शिस्तीचा माणूस शोधत असतात आणि माझ्या मते तुमच्यासारख्यानं सुरुवात तिथंच करावी.

गाडी घेतलीत तर पुढचं एवढं पाठ करा. महाराष्ट्राबाहेर जायचं तर नॅशनल परमिट, वर्षाला 16,500 आणि ऑथोरायझेशनचे 1,000. नव्या गाडीचं पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी, आठ वर्षं होईपर्यंत दोन-दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. ई-वे बिल, म्हणजे मालासोबतचा जीएसटीचा ऑनलाइन कागद, माल पाठवणारा काढतो पण त्याची मुदत तुम्ही बघायची, 200 किलोमीटरला एक दिवस असा हिशोब आहे, घाटात क्लच गेला आणि मुदत संपली तर पाठवणाऱ्याला किंवा ट्रान्सपोर्टवाल्याला लगेच फोन करून वाढवून घ्यायची. दहापर्यंत गाड्या असलेल्यानं पॅन नंबरसकट लेखी दिलं की ट्रान्सपोर्टवाला टीडीएस कापत नाही, हा कागद पहिल्याच दिवशी द्या. इन्कम टॅक्सला सोपी पद्धत आहे, मोठ्या गाडीला दर टनामागं महिन्याला 1,000 रुपये उत्पन्न धरतात, म्हणजे 28 टनाच्या गाडीला 28 हजार, वह्या ठेवायची कटकट नाही. स्वतःची बिल्टी न काढता ट्रान्सपोर्टवाल्याला गाडी लावलीत तर त्या भाड्यावर जीएसटीचं झंझट नाही. सप्टेंबर 2025 पासून नव्या ट्रकवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आलाय, त्यामुळं जुनी गाडी विकणारा अजून जुनाच भाव सांगत असेल तर त्याला हे ऐकवा.

एक गोष्ट मात्र फौजेतली तशीच चालू ठेवा, फर्स्ट परेड. सकाळी ऑइल, पाणी, बेल्ट, टायर बघितल्याशिवाय सेल्फ मारायचा नाही. फक्त त्यात युरियाची टाकी वाढवा, तुमच्या फौजेतल्या स्टॅलियन ट्रकला ती नव्हती. बीएस-6 गाडीत डीईएफ, म्हणजे तेच युरियाचं पाणी, संपलं की इंजिनची ताकदच उतरते, आणि रस्त्याकडेला कॅनमधे मिळणारं स्वस्तातलं डीईएफ टाकलंत तर सिस्टीम बसते, ते बिल बघून झोप उडेल.

प्रश्न : मी कुवेतला अमेरिकन कॅम्पवर कंत्राटदाराकडं ट्रेलर चालवायचो. आता गावी चिपळूणला आलोय. तिकडचं हेवी लायसन्स आहे, त्यावर इथं गाडी घेऊन सुरू करू का?

उत्तर : नाही भाऊ, इथं भाड्याची गाडी चालवायला इथलंच ट्रान्सपोर्ट लायसन्स लागतं, अपघात झाला तर इन्शुरन्सवाले पहिलं तेच मागतात. तिकडं तुम्ही रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवलंय, म्हणून सुरुवातीचे दिवस कुंभार्ली घाटात भरलेली गाडी घेऊन एकटे जाऊ नका, एखादा जुना ड्रायव्हर शेजारी बसवा, त्याचा भत्ता द्या. आणि तिकडच्या कंत्राटदाराकडून अनुभवाचं पत्र मागवून ठेवा, कंटेनरच्या लायनीत ट्रेलरवाल्याला ते उपयोगी पडतं.