काम चालू असलेल्या गोल्फ कोर्सवर नवीन असशील तर

अरे स्कोअरचं सध्या सोड, आधी क्लबहाऊसमधल्या बोर्डावर लोकल रूल्स काय लावलेत ते वाच, कारण काम चालू असताना ते सारखे बदलतात. पांढरी लाईन मारलेला भाग म्हणजे ग्राउंड अंडर रिपेअर (दुरुस्ती चालू असलेली जागा), तिथे बॉल गेला तर फ्री रिलीफ, म्हणजे बॉल तिथून बाहेर घ्यायची सूट, पेनल्टी नाही. पण बॉल उचलून आवडेल तिथे ठेवायचा असं नसतं हां, पूर्ण रिलीफ मिळणारा सगळ्यात जवळचा पॉइंट शोधायचा, तिथून एक क्लबलेंथच्या (मारायच्या काठीच्या लांबीच्या) आत, होलच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून ड्रॉप करायचा. आणि तो पॉइंट झुडपात निघाला तर बॉल आहे तिथूनच मारलेला बरा (नो प्ले झोन, म्हणजे खेळायला मनाई असलेला भाग, असेल तर मात्र रिलीफ घ्यावाच लागतो), म्हणून उचलायच्या आधी बघ.

टेम्पररी ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक गवताच्या ग्रीनऐवजी तात्पुरत्या केलेल्या) पुटिंगचा सराव वगैरे होत नाही, खडबडीत असतात, दोन पुट मारून पुढे चल.

खरी गंमत नवीन ग्रीन उघडल्यावर. खाली थॅच (मेलेल्या गवताचा मऊ थर) जमलेला नसतो त्यामुळे ग्रीन कडक, जुन्या सवयीने पिनवर (होलमधल्या झेंड्यावर) मारलास की बॉल टप्पा खाऊन ग्रीनच्या मागे पळालाच, त्यामुळे अलीकडेच पाड आणि घरंगळू दे. बंकरमधली (वाळूच्या खड्ड्यातली) नवी वाळूही बसलेली नसते, बॉल आत रुततो. लोक लेआउटच बिघडवला म्हणून ओरडतात, मला तर उलट डॉगलेगचा (मध्येच वळणाऱ्या होलचा) नवा कोपरा आवडलाय, पण तू तिथे ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारणारा क्लब) काढू नकोस, त्याहून कमी लांब जाणारा हायब्रिड पुरे.