पोल घेण्याआधी छत वाजवून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय 34, व्यायामाची सवय नाही, जवळपास पोल डान्सचा क्लास नाही. घर भाड्याचं, हॉलला फॉल्स सीलिंग, उंची साधारण साडेआठ फूट. कोणता पोल घ्यावा आणि एकटीने घरी सराव केला तर चालेल का?

मी सात वर्षं घरी सराव करतेय. त्यातली पहिली दोन वर्षं आठवड्यातून एकदा क्लासलाही जायचे, त्यामुळे दोन्हीकडचा अनुभव आहे. तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात आधी दिसलं ते फॉल्स सीलिंग. वयाचं आणि सवयीचं नंतर बघू.

घरात लावायचे बहुतेक पोल नुसत्या दाबावर उभे असतात. खाली जाड तळ, वर गोल चकती, आणि तळाशी पाना फिरवला की दांडा लांबत जाऊन जमीन आणि छत यांच्यामध्ये घट्ट आवळला जातो. छताला भोक पडत नाही, म्हणून भाड्याच्या घरात लोक हाच प्रकार घेतात. पण छताने तितकाच उलटा दाब दिला तरच तो उभा राहतो. फॉल्स सीलिंग म्हणजे वरून टांगलेली पातळ पाटी. ती दाब देतच नाही, वर उचलली जाते किंवा तडकते, आणि नेमकी तुम्ही पोलवर असताना. तेव्हा स्टुलावर चढा आणि बोटांच्या पेरांनी घरातली सगळी छतं ठोकून बघा. पोकळ, ढबढब आवाज आला तर तिथे दाबाचा पोल लावायचा नाही. काँक्रीटच्या स्लॅबवर ठोकलंत तर बोटं दुखतील आणि आवाज जेमतेम येईल, तीच जागा हवी. छत लाकडी असेल तर चकती तुळईच्या बरोबर खाली यायला हवी, दोन तुळयांच्या मधल्या फळीवर नाही. बऱ्याच घरांत हॉलला सजावटीचं सीलिंग असतं आणि आतल्या खोलीत उघडा स्लॅब असतो. तुमच्याकडे तसं असेल तर पलंग एका भिंतीला सरकवा आणि सरावाची जागा तिथे करा.

स्लॅब चांगला असला म्हणजे काम संपलं असंही नाही. माझा पहिला पोल उत्तम स्लॅबखाली होता. लावून तिसरा आठवडा चालू होता. मी एक साधी गिरकी घेत होते आणि वरून बारीक ‘कर्र’ असा आवाज आला. लगेच पाय टेकवले. वर पाहिलं तर चकतीच्या कडेला, छताच्या रंगावर, नखाएवढी पांढरी रेघ उमटली होती. चकती तेवढी सरकली होती. नवीन लावलेल्या पोलचं असंच होतं. तळाचं रबर, छताचा रंग, प्लास्टर हे सगळं दाबाखाली थोडं थोडं बसत जातं आणि पोल सैल पडतो. तेव्हापासून मी सुरुवात करण्याआधी पोल दोन्ही हातांनी चारही बाजूंना ढकलून बघते. मग पाय जमिनीवरच ठेवून हळूहळू वजन टाकते आणि नजर चकतीकडे ठेवते. पहिला महिनाभर दर दोन-तीन दिवसांनी पाना लावून दाब तपासा. स्पिरिट लेव्हल, म्हणजे उभं-आडवं सरळ आहे का ते दाखवणारी बुडबुड्याची पट्टी, दोन बाजूंनी, एकमेकींना काटकोनात लावून बघा. एका बाजूने सरळ दिसणारा पोल दुसऱ्या बाजूने तिरका निघतो.

घरात कुठेच उघडा स्लॅब नसेल तर स्टेज पोल घ्या. यात पोल एका चार-पाच फूट रुंद जड चौथऱ्यात बसतो आणि छताशी त्याचा संबंध नसतो. तो थोडा डुलतो, त्याची सवय व्हायला आठवडाभर जातो. उचलायला जड, जागा जास्त खातो आणि दाबाच्या पोलपेक्षा महागही पडतो. तरी तकलादू छताखाली दाबाचा पोल लावण्यापेक्षा मी कधीही हाच घेईन. छतात स्क्रूने कायमचा बसवायचा पोल तिसरा प्रकार, पण तुमचं घर भाड्याचं असल्यामुळे तो बाजूला ठेवू.

आता जाडी. पोल मुख्यतः 45 आणि 50 मिलिमीटर व्यासाचे मिळतात, काही ठिकाणी 40 किंवा 42 सुद्धा. मी 45 घ्या म्हणेन. हाताची बोटं नीट वेढतात, मनगटावर ताण कमी येतो, आणि इंटरनॅशनल पोल स्पोर्ट्स फेडरेशनच्या स्पर्धांमध्येही 45 चाच पोल असतो. त्याच फेडरेशनच्या स्पर्धांत चाळिशीच्या आणि पन्नाशीच्या पुढच्यांसाठी मास्टर्स गट आहेत, त्यामुळे 34 हे वय मनातून काढून टाका.

वरच्या मुलाम्याबाबत खूप जणींचा घोळ होतो. क्रोम सगळीकडे मिळतो, पकड बरी असते, नवशिक्यांना पुरतो. स्टेनलेस स्टील थोडं निसरडं, पण निकेलची ॲलर्जी असलेल्यांना सहसा तेच सुचवलं जातं. पितळेची पकड क्रोमपेक्षा चांगली, पण ते काळवंडतं. पावडर कोटची, म्हणजे भाजून बसवलेल्या रंगाच्या थराची, पकड या तिन्हींपेक्षा घट्ट. तळहातांना फार घाम येत असेल तर तो खरंच उपयोगी पडतो, मात्र घसरत खाली येताना कातडी सोलवटते. सिलिकॉनच्या पोलवर कपडे घालूनही पकड मिळते, पण गिरक्या नीट होत नाहीत. पहिला पोल म्हणून तो नको.

पोल स्थिर आणि फिरता असा दोन्ही प्रकारे चालणारा असावा. तळाशी स्क्रू असतात, ते आवळले की पोल स्थिर, सैल केले की स्वतःभोवती फिरतो. पहिले तीन-चार महिने स्थिरच ठेवा. फिरत्या पोलवर हातपाय शरीराजवळ घेतले की वेग एकदम वाढतो, लांब केले की कमी होतो. हे अंगवळणी पडेपर्यंत पोटात ढवळतं. नजर स्वतःच्या वरच्या हातावर ठेवली तर गरगरणं बरंच कमी होतं.

पैसे वाचवायला स्वस्त नक्कल घेऊ नका, हे मी अगदी कळकळीने सांगतेय. पातळ पत्र्याचा दांडा, छातीच्या उंचीवर सांधा, वजनाची मर्यादा कुठेच लिहिलेली नाही, असे पोल खूप विकले जातात. एक्स-पोल, लुपिट यांसारख्या नावाजलेल्या कंपन्यांचा जुना, वापरलेला पोल मिळाला तरी तो नव्या नकलेपेक्षा चांगला. जुना घेताना हात उभा फिरवून पोचे शोधा, सांध्यांमध्ये हलतोय का ते बघा आणि वर-खालची सगळी रबरं तपासा. ऑर्डर देण्याआधी पोल जिथे उभा राहणार त्याच जागी फरशीपासून छतापर्यंतचं माप घ्या, कारण फरशीला उतार असतो. साडेआठ फुटांत शिकायला काहीच अडचण नाही. दोनदा चढलं की डोकं छताजवळ जाईल, इतकंच.

पोलभोवती सगळीकडे किमान दीड मीटर मोकळं हवं. पोल धरून हात-पाय ताणून एक फेरी मारा. टेबलाचा कोपरा, कपाटाची मूठ, पंख्याचं पातं, काहीही लागलं तर जागा बदला. पंखा लोक हमखास विसरतात. शिवाय पोलला बसणारी, मध्ये खाच असलेली साधारण दहा सेंटिमीटर जाडीची गादी घ्या. योगाची चटई पडताना काही उपयोगाची नाही. गादी असली तरी मान वाचतेच असं नाही, हेही लक्षात ठेवा.

पकडीचं म्हणाल तर शाळेत मल्लखांब केलेल्यांनी एक सवय मोडायची. तिथे लाकडाला एरंडेल चोळतात, इथे तेलाचा थेंबही चालत नाही. धातूला धरते ती उघडी कातडी, म्हणूनच या नाचात आखूड चड्डी लागते. त्यात दिखाव्याचा भाग नाही. लेगिंग घालून पोलवर बसायला गेलात तर सरळ खाली याल. सरावाच्या दिवशी अंगाला क्रीम लावू नका. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा, त्यांनी पोलवर चरे पडतात आणि पुढे तेच चरे कातडीला लागतात. पोल मधूनमधून मऊ कापडाने पुसा. क्रोमला रबिंग अल्कोहोल चालतं, बाकी मुलाम्यांसाठी कंपनीची सूचना वाचा. हातांना घाम येत असेल तर लिक्विड चॉक, म्हणजे हात कोरडे ठेवणारा पातळ खडू, लावा, आधी थोडंच.

सरावाची सुरुवात पोलपासून लांब होते. दहा-पंधरा मिनिटं मनगटं, खांदे, कंबर, मांड्या गरम करा. मग पोल वर धरून, कोपरं सरळ ठेवून, खांदे कानांपासून खाली ओढायचे आणि सोडायचे. एवढीच हालचाल, आठ-दहा वेळा. दिसायला काहीच नाही, पण पुढची प्रत्येक गिरकी या खांद्यांवर तोलली जाते. खांदे सैल सोडून लटकणाऱ्यांचे खांदे वर्षभरात दुखायला लागतात.

पहिल्या दोन महिन्यांत पोलभोवती चालणं, फायरमन स्पिन, पोल सिट आणि चढणं-उतरणं एवढंच करा. फायरमनमध्ये दोन्ही हातांनी पोल धरून, छोटी उडी घेऊन, दोन्ही गुडघ्यांच्या चिमटीत पोल पकडून फिरत खाली यायचं. चढताना एका पायाची नडगी पोलच्या पुढून तिरकी लागते, दुसऱ्या पायाची पोटरी मागून दाबते, आणि पाय धरून ठेवत असताना हात वर सरकतात. हातांनी ओढत चढत असाल तर पाय नीट लागलेले नाहीत.

पोल सिट दुखतं. मांड्यांच्या वरच्या आतल्या भागात पोल धरून, पाय एकमेकांवर टाकून बसायचं आणि हळूहळू हात सोडायचे. पहिल्यांदा कातडी चिमटल्यासारखी जळते, दुसऱ्या दिवशी तिथे हिरवे-निळे डाग दिसतात. काही आठवड्यांत तीच जागा सरावते. पाच-सहा सेकंदांपासून सुरू करा. डागांची भीती नको. पण सांध्यात टोचल्यासारखं दुखलं, कोपराच्या आतल्या बाजूला ठणका लागला किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर त्या दिवशी थांबायचं. कोपराचं दुखणं सतत घट्ट पकडल्यामुळे होतं आणि दुर्लक्ष केलं तर महिनोन्‌महिने पुरतं. आठवड्यात तीनदा, पाऊण-एक तास, मध्ये सुट्टीचे दिवस, एवढं नवख्या शरीराला भरपूर होतं. प्रत्येक गोष्ट डाव्या बाजूनेही करा, ती कितीही बेढब दिसली तरी.

एकटीने चालेल का, याचं माझं उत्तर उतरण्यावर अवलंबून आहे. जिथून सावकाश, ताबा ठेवून खाली येता येतं तिथपर्यंतच वर जायचं. मी कोणतीही नवी हालचाल आधी उलट्या क्रमाने शिकते: यातून बाहेर कसं पडायचं, कोणता हात आधी, कोणता पाय शेवटी. ते जमिनीजवळ दहा वेळा जमलं की मगच उंची. मोबाइल समोर लावून चित्रण करा आणि त्याच दिवशी बघा. खांदा कुठे उचलला जातोय हे करताना कळत नाही, चित्रणात लगेच दिसतं. महिन्यातून एकदा तरी एखाद्या प्रशिक्षिकेसमोर ऑनलाइन सराव करा, कारण काही चुका स्वतःला दिसतच नाहीत. गरोदरपण, रक्तदाब, डोळ्यांचा, मानेचा किंवा खांद्याचा जुना त्रास असेल तर सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

उलटं होण्याची घाई सगळ्यांनाच असते. पाय झोकून, उडी मारून उलटं होणं मात्र कधीच नको. त्यात खांदा आणि मान दोन्ही पणाला लागतात. पोल धरून उभ्याने, झटका न देता, दोन्ही गुडघे छातीशी आणता येतात का ते बघा. तिथे पाच सेकंद थांबून तितकंच हळू खाली सोडता आलं, दोन्ही बाजूंनी, सलग पाच वेळा, तर पोट आणि हात तयार आहेत. मला त्याला नऊ महिने लागले, तुम्हाला कमी-जास्त लागतील. आणि पहिल्यांदा उलटं व्हाल त्या दिवशी गादी अंथरलेली, दाब नुकताच तपासलेला आणि हाकेच्या अंतरावर घरातलं कोणीतरी असू द्या.