कप धरलेला हात

प्रश्न : घरकामातल्या हातांची शिल्पं करते. कप धरलेल्या माझ्या हाताचा अल्जिनेटमध्ये (पाण्यात कालवल्यावर रबरासारखी घट्ट होणारी पूड) साचा घेतला, पण प्लास्टरची बोटं टोकाला पोकळ येतात. काय चुकतंय?

उत्तर : टोकांत हवा अडकते. १ किलो प्लास्टरला साधारण ७०० मिली पाणी घ्या. प्लास्टर पाण्यात भुरभुरवा, दोन मिनिटं भिजू द्या, मग सावकाश ढवळा. आधी थोडंच ओता आणि साचा तिरका करून फिरवा, म्हणजे ते बोटांत उतरतं; मग उरलेलं. साचा तासन्‌तास ठेवू नका, पाणी उडून तो आकसतो. हात मात्र थेट प्लास्टरमध्ये कधीही बुडवू नका! घट्ट होताना ते ६० अंशांपर्यंत तापू शकतं, आणि हात निघत नाही. अंगठ्याने कपाच्या कानावर दिलेला दाब फार बोलका असतो. तिथे साचा ओढू नका, तुकड्यातुकड्याने सोला.