काट्याचे वजन 180 मीटर लांबच्या ऑफिसातल्या संगणकावर लॅनने कसे आणायचे?

चिकोडीजवळच्या तुमच्या ऊसकाट्याच्या इंडिकेटरला (वजन दाखवणाऱ्या डब्याला) आरएस-232 पोर्ट, म्हणजे जुन्या पद्धतीचा सिरियल पोर्ट आहे आणि लांब केबल ओढली की वजनाऐवजी कचरा दिसतो, असे तुम्ही लिहिलेय. दिसणारच. आरएस-232 चा भरवसा साधारण 15 मीटरपर्यंत. लॅनची तांब्याची केबलही 100 मीटरच्या पुढे चालत नाही. म्हणून सिरियल-टू-इथरनेट कन्व्हर्टर (सिरियल पोर्टचा डेटा लॅनवर टाकणारी डबी) काट्याच्या केबिनमध्येच बसवा आणि तिथून ऑफिसपर्यंत फायबर टाका, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (तांब्याची लॅन आणि फायबर जोडणारी डबी). मध्ये स्विच घालूनही अंतर निघेल, पण वळवाच्या पावसात विजेचा दणका तांब्यातून थेट पोर्टात येतो. फायबरला ती भीती नाही.

इंडिकेटर नुसते वजन पाठवत असेल तर दोन तारा पुरतात: त्याचा टीएक्स (पाठवणारी पिन) कन्व्हर्टरच्या आरएक्सला (घेणारी पिन), ग्राउंड ग्राउंडला. टीएक्स ओळखायला केबल काढून मल्टिमीटर लावा. ग्राउंडच्या मानाने उणे 5 ते उणे 12 व्होल्ट दाखवणारी पिन बहुधा तीच. इंडिकेटर प्रिंट मोडवर (बटण दाबल्यावरच वजन पाठवेल असा) ठेवून मोजा, सतत पाठवत असेल तर आकडा नाचतो आणि फसवतो.

बॉड रेट (डेटाचा वेग), पॅरिटी (चूक तपासणारा बिट), डेटा बिट इंडिकेटरच्या मेनूत जसे आहेत तसेच कन्व्हर्टरमध्ये भरा. राउटर इतरांना आपोआप वाटून देतो त्या पट्ट्याबाहेरचा स्थिर आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) कन्व्हर्टरला द्या, मोड टीसीपी सर्व्हर (संगणक जोडायची वाट बघणारा), पोर्ट समजा 4001. मग संगणकावर पुटी या मोफत प्रोग्राममध्ये 'रॉ' निवडून त्या आयपी-पोर्टला जोडा. आकडे दिसले की वायरिंगचा विषय संपला.

खरी गोची सॉफ्टवेअरमध्ये. टीसीपीला (लॅनवरून डेटा नेणाऱ्या पद्धतीला) ओळ कुठे संपते ते कळत नाही. 18450 हे एकदा '184' आणि मग '50' असे दोन तुकड्यांत येऊ शकते. प्रोग्रामरने आलेले तसे वाचले तर पावतीवर 50 किलोची ट्रॉली! ओळीच्या शेवटचे चिन्ह (बहुधा कॅरेज रिटर्न) येईपर्यंत बफरमध्ये (तात्पुरत्या मेमरीत) साठवा; जोडल्या जोडल्या आलेली पहिली अर्धी ओळ मात्र टाकून द्या.

दुसरे दुखणे वीज गेल्यावरचे. ऑफिसचा संगणक धाडकन बंद पडतो, यूपीएसवरचा कन्व्हर्टर मात्र जुने कनेक्शन जिवंत धरून बसतो आणि नवे घेत नाही. कन्व्हर्टरमधले कीप-अलाइव्ह (समोरचा अजून आहे का हे तपासण्याची वेळ) एका मिनिटाच्या आत ठेवा.

बिलिंग प्रोग्राम जुना असून फक्त कॉम पोर्टच ओळखत असेल, तर कन्व्हर्टरसोबतचा व्हर्च्युअल कॉम ड्रायव्हर (लॅनवरचा कन्व्हर्टर संगणकाला कॉम पोर्ट म्हणून दाखवणारा) टाका. कोड बदलावा लागणार नाही.