वाचकांचे प्रश्न : इस्राएली लोकांच्या स्थलांतराला इतिहासाचा आधार किती?

प्रश्न : मोशेच्या नेतृत्वाखाली सहा लाख पुरुष इजिप्तमधून बाहेर पडले, असे बायबलमधील ‘निर्गम’ या पुस्तकात म्हटले आहे. सिनाईच्या वाळवंटात मात्र त्याची खूण सापडत नाही. मग ही कथा पूर्णपणे कल्पित मानावी का?

उत्तर : तसे मानण्याची घाई करू नये. आकडा आणि घटना या दोन गोष्टी आधी वेगळ्या कराव्या लागतात. ‘गणना’ या पुस्तकात वीस वर्षांवरील, लढू शकणाऱ्या पुरुषांची संख्या ६,०३,५५० दिली आहे. बायकामुले धरली तर हा समुदाय वीस लाखांच्या घरात जातो. त्या काळी संपूर्ण इजिप्तची लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास असावी, असा सर्वसाधारण अंदाज आहे. इतके लोक निघून गेले असते, तर ते राज्य कोलमडले असते. पण हा आकडा खुद्द बायबललाच पेलत नाही. त्याच पुस्तकात ज्येष्ठ पुत्रांची संख्या २२,२७३ आहे, म्हणजे एका ज्येष्ठ पुत्रामागे किमान सत्तावीस पुरुष येतात. ‘निर्गम’मध्ये इब्री स्त्रियांच्या सुइणी म्हणून दोघींचीच नावे येतात, आणि ‘अनुवाद’ हे पुस्तक तर इस्राएलला सर्व राष्ट्रांत संख्येने सर्वांत लहान म्हणते. सहा लाखांचा आकडा इतिहास म्हणून सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता घटनेकडे वळू. कनानमधून, म्हणजे आजच्या इस्राएल-पॅलेस्टाईनच्या प्रदेशातून, इजिप्तच्या त्रिभुज प्रदेशात लोकांची ये-जा शतकानुशतके चालू होती, याचे भक्कम पुरावे आहेत. बेनी हसन येथील थडग्यात इ.स.पू. १८९०च्या सुमाराचे, रंगीबेरंगी कपड्यांतील आशियाई काफिल्याचे चित्र आहे. हिक्सोस या इजिप्तमधील आशियाई वंशाच्या राज्यकर्त्यांची राजधानी अवारिस येथील उत्खननात कनानी धाटणीची घरे व दफने मिळाली आहेत. त्याच परिसरात पुढे दुसऱ्या रामसेसने उभारलेली राजधानी म्हणजेच ‘निर्गम’मधील रामसेस नगर, असे बहुतेक अभ्यासक मानतात. दुष्काळात गुरे जगवण्यासाठी अदोमच्या भटक्या टोळ्यांना सीमेवरील किल्ल्यातून आत सोडल्याचे एका अधिकाऱ्याने कळवलेले पत्रही उपलब्ध आहे.

याहून बोलके पत्र इ.स.पू. तेराव्या शतकाच्या अखेरीचे आहे. राजवाड्यातून दोन दास पळाले. त्यांच्या मागावर निघालेला धनुर्धरांचा नायक सीमेवरच्या किल्ल्यापर्यंत पोहोचतो, तेव्हा ते उत्तरेकडची तटबंदी ओलांडून गेल्याचे त्याला कळते. त्यांचा माग कोणाला लागला, त्यांच्या पाठलागावर कोण गेले, हे सारे मला लिहून कळवा, असे तो पुढच्या अधिकाऱ्यांना बजावतो. दोन माणसांच्या पलायनासाठी जिथे एवढा पत्रव्यवहार होतो, तिथे लक्षावधी लोक नोंदीविना निघून गेले, हे संभवत नाही. पण दासांनी याच वाटेने पूर्वेला पळून जाणे घडत होते, हेही त्याच पत्रातून सिद्ध होते. काही शे, फार तर काही हजार माणसांचा जथा असा निसटला असणे मला पूर्णपणे शक्य वाटते. तंबूत राहणाऱ्या अशा लोकांच्या खुणा तीन हजार वर्षांनी वाळूत सापडत नाहीत, यातही नवल नाही.

प्रश्न : मोशेचा वारसदार यहोशवा याने कनान जिंकल्याच्या वर्णनाला उत्खननातून दुजोरा मिळतो का?

उत्तर : फारच थोडा. यरीहो येथे कॅथलीन केनियन यांनी १९५२ ते १९५८ या काळात केलेल्या उत्खननात, तटबंदीचे शहर इ.स.पू. १५५०च्या सुमारासच नष्ट झाल्याचे दिसले. ज्या जागी आय हे नगर असल्याचे मानले जाते, ती तर यहोशवाच्या काळापूर्वीच हजारएक वर्षे ओसाड होती. हासोर हे नगर मात्र इ.स.पू. तेराव्या शतकात खरोखर जळाले; ते कोणी जाळले, यावर अजून एकमत नाही. शिवाय तेव्हा कनान इजिप्तच्याच अमलाखाली होते आणि यहोशवाच्या कथेत इजिप्शियन सैन्याचा मागमूसही नाही.

याउलट इ.स.पू. १२०० नंतर मधल्या डोंगराळ भागात सुमारे अडीचशे लहान खेडी नव्याने वसलेली दिसतात. तिथली भांडी कनानी परंपरेतलीच आहेत, फक्त डुकरांची हाडे जवळजवळ मिळत नाहीत; डुक्कर निषिद्ध मानण्याच्या इस्राएली प्रथेशी हे जुळते. फारो (इजिप्तचा राजा) मेर्नेप्ताहच्या इ.स.पू. १२०८च्या सुमाराच्या शिलालेखात ‘इस्राएल’ येते, तेही नगर किंवा प्रदेश म्हणून नव्हे, तर लोकसमूह म्हणून. इस्राएलचा मोठा भाग कनानमधूनच घडला आणि इजिप्तमधून आलेल्या एखाद्या लहान गटाची आठवण पुढे साऱ्यांनी आपली मानली, ही मांडणी मला सर्वांत पटते. शास्त्यांच्या पुस्तकाचा पहिलाच अध्याय मगिद्दो, गेजेर येथील कनानी लोकांना घालवता आले नाही असे सांगतो, हे पुष्कळदा नजरेआड होते.

प्रश्न : बायबलमधील निर्विवाद ऐतिहासिक स्थलांतर कोणते?

उत्तर : बाबेलमधील (बॅबिलोनमधील) बंदिवास. यरुशलेम इ.स.पू. ५९७मध्ये पडल्याची नोंद बाबेलच्या बखरीत आहे. पकडून नेलेला यहूदाचा राजा यहोयाखीन आणि त्याचे पाच पुत्र यांना राजकोठारातून तेल दिल्याचा हिशेब इ.स.पू. ५९२च्या मातीच्या पाटीवर नावानिशी वाचायला मिळतो.