बझर नेमका कधी दाबायचा?

प्रश्न : आम्ही अकरावीतले चौघं अमेरिकी क्विझबोलच्या पद्धतीनं सराव करतो. उत्तरं येतात, पण बझरला उशीर होतो, नाहीतर उणे गुण पडतात. काय करावं?
– एक विद्यार्थिनी, चोपडा

उत्तर : क्विझबोलमध्ये प्रश्न वाचला जात असतानाच बझर दाबता येतो, आणि प्रश्नात अवघड खूण आधी येते, सोपी शेवटी. आपल्या फैजपूरचंच घ्या. ‘नंदलाल बोस यांनी सजवलेलं, खेड्यात भरलेलं पहिलं काँग्रेस अधिवेशन, अध्यक्ष नेहरू, आजचा यावल तालुका.’ ‘यावल’ ऐकेपर्यंत थांबलात तर समोरचा संघ गुण घेऊन जातो. ‘बोस’ ऐकताच दाबलात तर फसाल, कारण १९३८ चं हरिपुरा अधिवेशनही त्यांनीच सजवलं होतं. दाबायची जागा ‘खेड्यात पहिलं’ ही. एका खुणेला दोन उत्तरं बसत असतील तर हात आवरा.

बरोबर उत्तराला १० गुण, घाईत चुकलात तर बहुतेक स्पर्धांत उणे ५. बझरच्या प्रश्नावर आपसात बोलता येत नाही. बरोबर उत्तर देणाऱ्या संघाला मिळणाऱ्या बोनसच्या ३ उपप्रश्नांवर येतं, तिथं मात्र कुजबुजा, गप्प बसू नका. विषय चौघांत वाटून घ्या.

वहीत नुसतं उत्तर उतरवू नका, कोणत्या शब्दावर दाबायला हवं होतं तो शब्द लिहा. हे सगळ्यात कामाचं.